सिस्टर व्हायच्या आधीची बेबी

बेबी जाऊन आता दोन महिने होतील. जलदान विधीसाठी मी बार्शीला गेले होते. दारातच मंडप टाकला होता. टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी तिचा फोटो. निवृत्तीच्या कार्यक्रमातला होता तो, खांद्यावर शाल, हातात नारळ. उमरग्याकडून क्रूझर करून माणसं आली होती, कळंबच्या आशाताई आल्या होत्या. एकेक जण उठून बोलत होतं. एका बाईने आपल्या तरण्याताठ्या मुलाला पुढे उभं केलं, "हा सिस्टरच्या हातावर जन्मला" एवढं म्हणाली आणि पुढे तिला बोलताच येईना. सगळेच सिस्टरबद्दल बोलत होते. बोलण्यासारखं होतंच. तिने नर्सच्या नोकरीची सगळी वर्षं खेड्यांतल्या आरोग्य उपकेंद्रांवर काढली, आणि जिथे गेली तिथली माणसं तिने आपली केली.

मलाही बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, दोन वाक्यांत घसा दाटून आला, खाली बसले. परतीच्या एसटीत मात्र डोकं थांबेना. त्या मंडपात सिस्टरला ओळखणारे खूप होते. सिस्टर व्हायच्या आधीची बेबी बघितलेलं माणूस मी एकटीच होते. तिचे आईवडील गेले, भाऊ गेला, आमच्या वर्गातल्या मुली कुठल्या कुठे पांगल्या. मुलाला आई माहीत आहे, आईचं लहानपण नाही. म्हणून हे लिहायला बसले.

हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं. घरच्यांना विचारल्याशिवाय ते इथे लिहीत नाही. घरात, वस्तीत, शाळेत ती बेबीच. नोकरी लागल्यावर बेबी सिस्टर.

तिचे वडील बार्शीच्या बाजारात हमाल होते. माझे वडील, अण्णा, तिथेच एका अडतीत मुनीम. बार्शीचा भुसार बाजार तेव्हाही मोठा होता, ज्वारी-तुरीच्या थप्प्या छतापर्यंत लागायच्या. तिच्या वडिलांनी पाठीवर वाहिलेल्या पोत्यांचा हिशेब माझे वडील लिहायचे, असं आमचं नातं सुरू होतं म्हणायचं. तिसरीत आम्ही एका बाकावर आलो. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, केस तेल लावून घट्ट ओढून बांधलेले, आणि सगळं मोजायची सवय. वर्गाच्या खिडकीला गज किती, बाईंनी आज किती वेळा चष्मा काढला. मला पाठांतर यायचं, तिला गणित. परीक्षेच्या आधी आम्ही एकमेकींकडून उरकून घ्यायचो.

तिचं घर रेल्वे रुळांच्या पलीकडे. आमची रेल्वे म्हणजे बार्शी लाइट, अडीच फुटी गेजची, 1897 साली सुरू झालेली. कुर्डुवाडीकडून यायची आणि येडशीवरून लातूरला जायची. रुळ ओलांडून तिच्या घरी जायला मला बंदी होती. ती मात्र आमच्याकडे यायची, ओसरीपर्यंत.

1972 साली आम्ही आठवीत होतो. दुष्काळ हा शब्द आता वर्तमानपत्रात दर दोन-तीन वर्षांनी येतो, पण बहात्तरचं साल बघितलेल्या माणसांसमोर तो उच्चारला की त्यांचे चेहरे वेगळे होतात. पाऊस आदल्या वर्षीही नीट नव्हता. बहात्तरला तर जमीन भिजलीच नाही. अडतीत ज्वारी यायची बंद झाली. बाजारात पोती नाहीत म्हणजे हमालाच्या हाताला काम नाही. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, परदेशातून आलेली. तिची भाकरी थापताना चिरा पडायच्या आणि तव्यावर उलटताना तुकडे व्हायचे. शाळेत सुकडी वाटायचे. गोडसर, तपकिरी भुकटी, घाईने खाल्ली तर ठसका लागायचा. बेबी तिची सुकडी शाळेत खायची नाही. कागदात बांधून घरी न्यायची, भावासाठी.

पाण्याची गोष्ट तर सांगून खरी वाटणार नाही. स्टेशनात इंजिनात पाणी भरायचा मोठा नळ होता. इंजिन भरून झालं की नळ वळवताना खाली पाणी सांडायचं, रुळांमधल्या खडीत. वस्तीतल्या पोरी गाडीच्या वेळेला घमेली घेऊन तयार असायच्या. मीही एकदा घरी न सांगता गेले. बेबीने मला कुठे उभं राहायचं ते दाखवलं, कारण चुकीच्या जागी घमेलं धरलं की तेल मिसळलेलं पाणी यायचं. ते तिला माहीत होतं. घमेलं अर्धं भरलं. ते डोक्यावर घेऊन ती रुळावरून चालत गेली आणि एक थेंब सांडला नाही.

तिची आई खडीच्या कामावर जाऊ लागली. गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं होतं. सायकलच्या ट्यूबची रिंग करून त्यात दगड पकडायचा आणि हातोडीने फोडायचा, म्हणजे दगड उडत नाही आणि बोटं वाचतात. तरी बोटं फुटायचीच. झाडाच्या फांदीला साडीची झोळी बांधलेली असायची, तिच्यात कुणाचं तरी तान्हं. बेबी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आईबरोबर जायची, त्यामुळे तिची शाळा बुडायची. बाईंनी तिचं नाव कमी केलं नाही, याबद्दल मी त्या बाईंची आजही ऋणी आहे.

कामावर मस्टर असायचं. मस्टरवर खूण झाली तर तो दिवस भरला, नाहीतर कष्ट पाण्यात. बायकांना वाचता येत नव्हतं. पगाराच्या दिवशी मुकादम नाव घ्यायचा, आकडा सांगायचा, अंगठा घ्यायचा. बेबीच्या आईने घरच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायची पद्धत ठेवली होती. त्या आठवड्याच्या रेघा सहा आणि पगार चार दिवसांचा. बेबी मुकादमाच्या मागे जाऊन उभी राहिली, त्याच्या खांद्यावरून मस्टर वाचलं आणि मोठ्याने म्हणाली, "मंगळवार आन् शुक्रवार लिवलाच न्हाई." तेरा वर्षांची पोर. मुकादम म्हणाला, "तुला काय कळतंय?" तिने सगळ्यांदेखत मस्टरवरची आणखी नावं वाचायला सुरुवात केली. कुणाचा एक दिवस गेला होता, कुणाचे तीन. तो अंगावर धावून आला, तशा बायका हातोड्या घेऊनच उठल्या. हे मला तिच्या आईने सांगितलं. बेबीने स्वतःहून कधीच नाही.

त्यानंतर ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर सगळ्यांचे दिवस लिहू लागली. पानं संपली तेव्हा ती अण्णांकडे आली. अण्णांनी अडतीतली एक कोरी लाल चोपडी तिला दिली आणि आमच्या ओसरीवर बसून खतावणी कशी लिहायची ते शिकवलं. एका माणसाला एक पान. डावीकडे तारीख, मग काम, मग मिळालेले पैसे, मग बाकी. खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला दुरुस्त लिहायचं, म्हणजे आधी काय होतं तेही दिसतं. अण्णांनी मला हे कधी शिकवलं नव्हतं. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला तिचा हेवा वाटला होता, तो अजून आठवतो.

पुढच्या पगाराला बायकांचे काही दिवस वाढवून मिळाले. सगळे नाही.

त्याच ओसरीवर आणखी एक गोष्ट होती, ती लिहिल्याशिवाय हे खरं होणार नाही. माझ्या आजीने बेबीसाठी चहाचा वेगळा कप ठेवला होता. कान तुटलेला, दाराशेजारच्या कोनाड्यात. चहा पिऊन झाला की बेबी तो स्वतः धुऊन परत कोनाड्यात पालथा घालायची. आईला ते आवडत नसे, पण सासूपुढे तिचं चालायचं नाही. अण्णा गप्प बसायचे. बेबी आणि मी या कपाबद्दल एकमेकींशी एक शब्द बोललो नाही, शाळेत असताना नाही आणि पुढेही कितीतरी वर्षं नाही.

1975 साली आम्ही दहावी झालो. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन नवी दहावी आली, तिची आमची पहिली बॅच. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. माझं कॉलेज ठरलेलंच होतं. तिने नर्सिंगचं ट्रेनिंग घ्यायचं ठरवलं, कारण त्यात विद्यावेतन होतं आणि पुढे नोकरी होती. वय भरत नव्हतं म्हणून वर्षभर थांबावं लागलं. ते वर्ष ती डाळीच्या मिलमध्ये तूर निवडत होती. मग सोलापूरला गेली.

तिथून तिची पत्रं सुरू झाली. निळी आंतरदेशीय, तिन्ही बाजू भरून, चिकटवायच्या घडीवरसुद्धा लिहिलेलं. पत्रात स्वतःबद्दल फार काही नसायचं. वॉर्डात कोण आलं, कुठल्या गावचं, काय झालं, बरं होऊन गेलं की नाही. बाळाचं वजन. आईचं वय. माझं लग्न होऊन मी पुण्याला आले तरी पत्रं येत राहिली आणि आता त्यांत बार्शीची खबर असायची, कारण सुट्टीला ती तिकडे जायची आणि मला जमायचं नाही. आमच्या गल्लीत कोण बाळंत झालं, कुणाचा दमा वाढला, माझ्या आईचं ब्लडप्रेशर किती निघालं. माझ्या माहेरची माझ्यापेक्षा तिला जास्त माहिती असायची.

आमच्या पिढीतल्या बायकांच्या मैत्रिणी लग्नानंतर सुटतात. सासर बदलतं, आडनाव बदलतं, पत्ता बदलतो, आणि 'ती कुठे असते गं आता?' यावर विषय संपतो. आमची मैत्री सुटली नाही याचं श्रेय निव्वळ तिचं आहे. मी कधी उत्तर द्यायला महिना लावला तरी तिचं पुढचं पत्र ठरल्या वेळेला यायचं. रुसणं तिला ठाऊकच नव्हतं.

ऐंशीच्या दशकात आजी अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा झाल्या, इतक्या की घरातलं कुणी बघू शकत नव्हतं. बेबी तेव्हा परंड्याकडच्या एका उपकेंद्रावर होती. आईचं ब्लडप्रेशर बघायला म्हणून आली, आजीची पाठ बघितली आणि रजा टाकून आठवडाभर राहिली. सकाळ-संध्याकाळ जखमा धुवायच्या, मेलेली कातडी काढायची, ड्रेसिंग करायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. कूस बदलायची वेळ चुकू नये म्हणून तिने भिंतीवर कागद लावला होता आणि आईकडून त्याच्यावर वेळ लिहून घ्यायची. आजीच्या जखमा भरत आल्या. आजी शेवटी गेली ती त्या जखमांनी नाही, म्हातारपणाने गेली. त्या आठवड्यात मीही दोन दिवस तिथे होते. आजीने तिला चहा कुठल्या कपातून द्यायला लावला, ते मला काही केल्या आठवत नाही. बेबीला नक्की आठवत असणार. आता विचारायला ती नाही.

मग 1993.

30 सप्टेंबर, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं उशिरा घरी येऊन झोपलेली. बेबी तेव्हा उमरगा तालुक्यातल्या एका गावी होती. मुलगा शाळेसाठी बार्शीला आजीकडे, नवरा दुसऱ्या तालुक्यात शिक्षक, त्यामुळे ती एकटीच. उपकेंद्राची दोन खोल्यांची सरकारी इमारत तडे जाऊन उभी राहिली. गावातली घरं मात्र काळ्या दगडांची, मातीत रचलेल्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली.

आम्ही पुण्यात रेडिओला कान लावून बसलो. किल्लारी, सास्तूर ही नावं कानावर पडत होती आणि तिच्या गावाचं काही कळत नव्हतं. आठवड्यानंतर पोस्टकार्ड आलं. "मी बरी आहे. पाऊस चालू आहे. आईला जाऊन भेट, ती जेवत नाही म्हणे. रजिस्टर सापडलं." बस, एवढंच.

रजिस्टर सापडलं याचा अर्थ मला खूप वर्षांनी कळला. उपकेंद्राच्या नर्सकडे घरटी नोंद असते. कुठल्या घरात किती जोडपी, कोण गरोदर, कितवा महिना, कुणाला डोस द्यायचाय. त्या पहाटे अंधारात आणि धुळीत तिने आधी हाताला येईल त्याला पट्ट्या बांधल्या. कापूस संपला, मग तिच्या साड्या गेल्या. उजाडल्यावर तिने तडे गेलेल्या खोलीत परत शिरून रजिस्टर काढलं. नंतर लष्कराचे जवान आले. त्यांना दगडांचा नुसता ढीग दिसत होता. घर कुठे संपलं आणि गल्ली कुठे सुरू झाली तेही कळत नव्हतं. बेबी रजिस्टर उघडून ढिगाऱ्यावर उभी राहिली. इथे पाच माणसं, त्यातली एक म्हातारी, ती आतल्या खोलीत झोपते. इथे सात, ओली बाळंतीण आहे, बाज उजव्या भिंतीला. इथे कुणी नाही, सगळे सुरतेला कामाला गेलेत, इथे वेळ घालवू नका. तिच्या सांगण्यावरून खणलं आणि त्या बाळंतिणीचं बाळ जिवंत निघालं. आई नाही निघाली.

हे सगळं सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त एकदा थांबली. म्हणाली, "अण्णांनी शिकवलेलं. चुकलं तरी खोडायचं न्हाई, एक रेघ मारायची. मी त्या रजिस्टरमधे एकेका नावावर एकच रेघ मारली गं. नाव वाचता आलं पायजे म्हणून."

पुढे ते गाव नव्या जागी वसलं. आधी पत्र्याची शेड, मग घरं. तिने बदली मागितली नाही. तिच्या आईने किती रडून सांगितलं, मीही सांगितलं. तिचं म्हणणं एकच, नवी नर्स येईल तिला कोण कुणाचं हे कसं कळणार?

बाकीची नोकरी मी भराभर सांगते, कारण ती मंडपात सांगून झाली आहे. 1995 च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हापासून निवृत्तीपर्यंत तिने एकही फेरी चुकवली नाही. बर्फाच्या पिशव्यांचा तो डबा खांद्याला लावून वाडी-वस्त्यांवर जायचं, डोस दिला की पोराच्या डाव्या करंगळीला मार्करची खूण आणि दारावर खडूने अक्षर. सगळी पोरं झाली असतील तर पी, राहिली असतील तर एक्स. एक्सची घरं तिला झोपू द्यायची नाहीत. 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा तिने मला फोन केला आणि फोनवर काहीच न बोलता नुसती हसत राहिली.

एक काम मात्र तिच्या फार जिवाचं होतं. 1999 पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. 2009 साली निष्कर्ष आले आणि जगभर वाचले गेले, की आयुष्यात एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची, तपासणी झाली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. बेबी त्या प्रकल्पाची कर्मचारी नव्हती. पण खेड्यातली बाई पिशवीच्या तपासणीला सहजासहजी येते होय? 'मला काय धाड भरलीय' म्हणते, नवऱ्याला विचारायचंय म्हणते, पाळी चालू आहे म्हणते. बेबी तिच्या चुलीपुढे जाऊन बसायची. अंगावरून पांढरं जातंय का, कंबर दुखते का, हे सासूच्या कानावर जाणार नाही अशा बेताने विचारायची. आणि मग म्हणायची, चल, मी पडद्याबाहेर उभी राहते. तपासणीला बाई आत गेली की ती खरोखर बाहेर उभी राहायची. जगाला तो आकडा माहीत आहे. त्यातल्या कितीतरी बायकांचा हात धरून त्यांना तिथवर कुणी आणलं, ते मला माहीत आहे. मलाही तिने फोनवर दम देऊन तपासणीला पाठवलं होतं.

2017 ला ती निवृत्त झाली आणि बार्शीला घर बांधून राहिली. भाऊजी, तिचा नवरा, आधीच गेले होते. कोरोनाच्या लसी आल्या तेव्हा ही निवृत्त बाई रोज केंद्रावर जाऊन म्हाताऱ्यांच्या रांगा लावत होती.

मधुमेह तिला जुनाच. त्याने मूत्रपिंडं खाल्ली. डायलिसिस सुरू झालं. शेवटच्या काळात मी शक्य होईल तेव्हा जाऊन तिच्याबरोबर तिथे बसायचे. चार तास हलता येत नाही, त्यामुळे आम्ही जन्मात बोललो नाही एवढं त्या खुर्चीशेजारी बोललो. डाव्या दंडावर फिस्चुला केलेला होता, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनी एकमेकींना जोडलेली. तिने पहिल्याच दिवशी माझा तळहात त्याच्यावर ठेवायला लावला. कातडीखाली सारखी घरघर चालू असते. म्हणाली, "बघ, बार्शी लाइट चाललीय."

पाण्यावर मर्यादा होती. दिवसाला एक लिटर, त्यात चहा, आमटी, ताक सगळं आलं. तिची पद्धत अशी, सकाळी एक लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवायची. चहा प्यायला की तेवढंच पाणी बाटलीतून मोजून झाडाला घालायचं. आमटीची वाटी झाली की तेवढंच. बाटलीत जे उरलं ते तिचं. दुपारी तीनपर्यंत बाटली तळाला जायची आणि मग रात्रीपर्यंत लवंग चघळत बसायची. सून म्हणायची, आई, घोटभर घ्या हो. ही बाटलीकडे बोट दाखवायची. एका संध्याकाळी मी म्हटलं, "घमेल्यात यापेक्षा जास्त मिळायचं गं." ती म्हणाली, "आन् तेही चौघांत." मग आम्ही दोघी बराच वेळ स्टेशनातल्या त्या नळाबद्दल बोलत बसलो. आता ती रेल्वे रुंद झाली, नळ गेला, आणि तेलाचं पाणी कुठे पडायचं हे माहीत असलेली ती गेली.

तिथेच एकदा तिने मला माझ्या आईची हाक मारून दाखवली. माझ्या नावाचं शेवटचं अक्षर आई लांबवायची, आणि ते लांबवता लांबवता आवाज वर न्यायची. आईला जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली. आईचा चेहरा फोटोत आहे, आवाज कुठेच नाही, आणि खरं सांगते, मी तो विसरले होते. बेबीने तो हुबेहूब काढला. मशीनच्या आवाजात, डोळे मिटून. मी तिला परत काढायला लावला. तिने काढला. मग म्हणाली, "काकू मला गूळ द्यायच्या. पदराखालून. आजीला दिसू नये म्हणून." हे मला माहीत नव्हतं. माझ्या आईची ही गोष्ट मला बेबीकडून, सहासष्टाव्या वर्षी कळली.

मी हे रेकॉर्ड का केलं नाही, असं मुलाने विचारलं. सुचलं नाही. माणूस समोर असताना सुचत नाही.

ती गेली तेव्हा मी पुण्यात होते. पहाटे हृदय बंद पडलं. त्रास झाला नाही म्हणतात. आदल्या रात्रीच बोललो होतो, माझ्या गुडघ्याबद्दल.

विधी झाल्यावर तिच्या मुलाने मला आतल्या खोलीत नेलं आणि कपाटातला लाल चोपड्यांचा गठ्ठा दाखवला. सरकारी रजिस्टरं कार्यालयात जमा झालेली, या तिच्या स्वतःच्या. तिच्या हातावर झालेली बाळंतपणं, एका बाळाला एक ओळ. सगळ्यात खाली एक चोपडी जुनी, कडा कुरतडलेल्या. त्याने उघडून विचारलं, "मावशी, ही कुणाची नावं आहेत? बाळंतपणाची नाहीत वाटत. बायकांची नावं, तारखा आणि पुढे नुसतं खडी, खडी, खडी."

त्याला माहीतच नव्हतं. त्याची आजी दगड फोडायला जायची, हे त्याच्या आईने त्याला सांगितलेलं नव्हतं. पहिल्या पानावर आजीचंच नाव आहे, आणि रकाने अण्णांनी आखून दिलेले आहेत, ते अक्षर मी ओळखलं. पाहुण्यांच्या गर्दीत नीट सांगता आलं नाही. पुढच्या महिन्यात मी बार्शीला जाणार आहे. त्याला म्हटलंय, रविवार बघ, पोरांनाही घरी ठेव आणि ती चोपडी बाहेर काढून ठेव. एकेक पान लावून सांगते.